यंदाचे रोजे वहीत

रमजानच्या संध्याकाळी पाच वाजल्यापासूनच मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आसपास गर्दी वाढू लागते. खजुरांचे ढीग, कलिंगडाच्या फोडी, सरबताची पातेली आणि भजी-समोशांच्या कढया. खरेदी करणाऱ्यांत रोजेदार असतात, तसेच कामावरून घरी जाताना मुलांसाठी चार समोसे बांधून घेणारे शेजारपाजारचेही असतात. मगरिबची अजान झाली की रस्ता रिकामा होतो. घरोघरी दस्तरखान अंथरलेला असतो आणि पहिला खजूर तोंडात गेलेला असतो.

अशाच एका घरात यंदा दस्तरखानावर एक छोटी स्टीलची वाटी वेगळी ठेवलेली असते. तिच्यात तीन-चार चमचे मऊ शिजवलेला खिमा आणि वर चमचाभर दही. बाकीच्यांची ताटे उठतात तरी ही वाटी संपलेली नसते. घरच्या थोरल्या सुनेला ती संपवायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. वय ४४, उर्दू शाळेत शिक्षिका. शाळेतली मुले त्यांना आपा म्हणतात. इथेही आपाच म्हणू.

दिवाळीच्या सुटीत आपांनी पुण्याला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्या वेळी वजन ११८ किलो, उंची पाच फूट एक इंच. नऊ वर्षांचा मधुमेह आणि दोन्ही गुडघे दुखणारे. शाळेत पहिल्या मजल्यावरचा वर्ग त्यांनी मागून तळमजल्यावर घेतला होता. पण त्यांना खरी टोचणी होती ती नमाजची. पाच वर्षे त्या खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या. सजद्यात कपाळ जमिनीला टेकवायचे, ते जमत नव्हते. शस्त्रक्रियेला होकार दिला तेव्हा सुंदर दिसावे, सडपातळ व्हावे हे त्यांच्या मनात नव्हते. सजदा करता यावा, एवढेच होते.

चार महिन्यांत वजन ९६ किलोवर आले. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. फेब्रुवारीत एका पहाटे त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजच्या चटईवर, कपाळ टेकवले. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवून टाकले, यंदा रमजानचे सगळे रोजे धरायचे. तरावीहही उभ्याने पढायची.

आणि आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, ‘यंदा नको, ताई.’

पोटाचे काय होते?

या शस्त्रक्रियेला वैद्यकीय भाषेत बेरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. तिच्याविषयी गैरसमज फार. ‘पोट कापून घेतले’ असे म्हणणारे आहेत, ‘चरबी काढून घेतली’ असे समजणारे आहेत. चरबी यात काढत नाहीत. जठराचा आकार लहान करतात किंवा अन्नाचा रस्ता बदलतात.

‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होते, त्यामुळे भूकही मंदावते. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची, एक पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. आपांची शस्त्रक्रिया या दुसऱ्या प्रकारची.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी? लठ्ठपणावर काम करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष नव्याने ठरवले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा आकडा ३५ किंवा अधिक असेल, तर इतर आजार नसला तरी ती सुचवता येते. मधुमेहासारखा आजार असेल तर त्याखालीही विचार होतो. आशियाई माणसाला कमी वजनातच हे आजार गाठतात, म्हणून आपल्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली धरावी, असेही त्यांनी म्हटले आहे. आपांचा बीएमआय ४९ होता.

शस्त्रक्रियेला काही तास लागतात, दवाखान्यातून तीन-चार दिवसांत सुटीही मिळते. त्यानंतर सुरू होते ते मात्र आयुष्यभराचे काम, आणि ते शल्यचिकित्सकापेक्षा आहारतज्ज्ञाच्या खोलीत जास्त होते. आधी फक्त पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दूध, ताक, गाळलेले सूप, मग वाटलेले, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. तेही घास घास, वीस-पंचवीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. पोट गच्च होण्याच्या एक घास आधी थांबायचे.

मुसलमान घरांत लहानपणी एक शिकवण ऐकवली जाते. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला. पैगंबरसाहेबांची ही शिकवण आपांनी वर्गात कितीतरी वेळा मुलांना सांगितली होती. आता त्यांच्या पोटात अन्न आणि पाणी दोन्हींना एकाच वेळी जागा नाही. दोघांच्या वेळाच वेगळ्या कराव्या लागतात.

कागदावरचा हिशेब

मॅडम मूळच्या सांगलीच्या. त्यांच्याकडे येणाऱ्यांत सगळ्याच समाजाचे लोक असतात. आपांना ‘नको’ म्हणून त्यांनी नुसते परत पाठवले नाही. कोरा कागद घेतला आणि आपांनाच गणित मांडायला लावले.

आधी प्रथिने. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, अनेकांना ८० पर्यंत लागतात. वजन झपाट्याने उतरत असते तेव्हा शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते आणि ते रोखायचे तर प्रथिनेच लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, पन्नास ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये किंवा माशात १२ च्या आसपास. आपांच्या पोटात एका वेळी जेमतेम १२ ग्रॅम प्रथिने मावतील एवढीच जागा. म्हणजे ६० ग्रॅमसाठी दिवसातून पाच वेळा खायला हवे.

रोजा असेल तर खाण्याच्या वेळा किती? इफ्तारला एक, तरावीहनंतर एक, पहाटे सहरीला एक. तीन वेळा बारा, छत्तीस. रोज २४ ग्रॅमची तूट. तीस दिवसांची ७२० ग्रॅम. आपांनी गुणाकार स्वतः केला.

‘हे शरीर कुठून भरून काढणार, ताई?’ मॅडमनी विचारले. ‘तुमच्या मांड्यांतून, दंडांतून. आणि केसांतून.’

आपांचा हात नकळत ओढणीकडे गेला. महिनाभरापासून कंगव्यात केसांचा पुंजका येत होता. या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे नेहमीचे आहे आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. पण प्रथिने, लोह, जस्त कमी पडले तर गळती वाढते, लांबते.

मग पाणी. दिवसाला दीड ते दोन लिटर हवे. निरोगी माणूस इफ्तारच्या अजानबरोबर दोन पेले घटाघट पिऊ शकतो. आपांना पंधरा मिनिटांत शंभर मिलिलिटरच्या वर जमत नाही. मार्चमध्ये मिरजेत इफ्तार साधारण पावणेसातला. त्यानंतर अकराला झोपायचे म्हटले तर सव्वाचार तास हातात. दोन वेळचे जेवण आणि त्यानंतरचा अर्धा-अर्धा तास वजा केला, तरावीह वजा केली, की पाणी पिण्यासाठी पावणेदोन तास उरतात. म्हणजे सातशे मिलिलिटर. सहरीच्या आधी उठून आणखी दोन-तीनशे. रडतखडत एक लिटर. आणि वर सव्वातेरा तासांचा रोजा, मार्चचे ऊन आणि शाळेचे सहा तास बोलणे.

पाणी कमी पडले तर चक्कर येते, रक्तदाब उतरतो, लघवी गडद होते. बायपासनंतर मूतखड्याचा धोका आधीच वाढलेला असतो. वजन वेगाने उतरताना पित्ताशयातही खडे होऊ शकतात. दवाखान्यात परत दाखल व्हावे लागणाऱ्यांत पाणी कमी पडलेल्यांचा भरणा मोठा असतो.

तिसरा हिशेब गोळ्यांचा. बायपासमध्ये आतड्याचा जो भाग वगळला जातो, तिथेच लोह आणि कॅल्शियम सर्वांत चांगले शोषले जाते. बी-१२ शोषण्यासाठी जठरातला जो रस लागतो, तोही कमी पडतो. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम रोज, आयुष्यभर घ्यायचे. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते. पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त शोषले जात नाही, म्हणून दोन-तीन वेळा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एक दुसऱ्याला अडवते, म्हणून मध्ये किमान दोन तास. पोटभर इफ्तार करणारा माणूसही रात्रीच्या त्या थोड्या वेळात हे वेळापत्रक सांभाळू शकणार नाही.

या कारणांमुळेच या विषयातले बहुतेक तज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतर किमान सहा महिने ते वर्षभर रोजे नकोत, असे सांगतात. अनेक जण वर्ष ते दीड वर्षाचा सल्ला देतात. आपांना झाले होते चार महिने.

‘डॉक्टर काय म्हणतात?’

आपांना गणित कळत होते. मन मानत नव्हते. ज्या इबादतीसाठी एवढे केले, तीच हातातून निसटतेय असे वाटत होते. शिवाय दुसरी एक अडचण होती. शस्त्रक्रियेचे त्यांनी नवरा आणि सासू यांच्याशिवाय कुणालाच सांगितले नव्हते. नातेवाइकांत ‘पित्ताशयाचे ऑपरेशन’ एवढेच माहीत. दीड महिन्यात त्यातून माणूस बरा होतो, हे सगळ्यांना ठाऊक. मग आता रोजा का नाही, याला उत्तर काय द्यायचे? शाळेच्या खोलीत सगळ्या शिक्षिका रोजाने असताना दर दीड-दोन तासांनी डबा कुठे उघडायचा?

घरातही सासूबाईंचे मत वेगळे होते. त्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सुचवले, ‘बेटी, फिदया दे दे. हो जाता.’ फिदया म्हणजे प्रत्येक सुटलेल्या रोजामागे एका गरजूला जेवण. अनेक घरांत असाच समज आहे. जमले नाही की फिदया दिला, झाले.

आपांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन केला. सगळे सविस्तर सांगितले, पहिल्यांदाच बाहेरच्या कुणाला. मौलानांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘बहन, डॉक्टर काय म्हणतात?’ दुसरा प्रश्न: ‘पुढे रोजा धरता येईल असे ते म्हणतात का?’

येईल, असे आपा म्हणाल्या. वर्षभराने, तपासण्या ठीक आल्या तर.

मग तुमच्यावर फिदया नाही, कजा आहे, असे मौलानांनी सांगितले. कजा म्हणजे सुटलेले रोजे पुढे भरून काढणे. कुरआनात ज्या ठिकाणी रोजे फर्ज केल्याचे येते, म्हणजे सूरह बकराच्या १८३ ते १८५ या आयतींत, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे. त्यांनी तेवढे दिवस नंतर मोजून पूर्ण करावेत. तिथेच हेही सांगितले आहे की अल्लाहला माणसाची सोय हवी आहे, त्याची अडचण नको आहे. फिदया त्यांच्यासाठी, ज्यांना पुढेही कधी रोजा झेपण्याची आशा नाही. जसे अतिवृद्ध किंवा बरा न होणारा आजार असलेले लोक.

म्हणजे फिदया सासूबाईंचा आणि कजा सुनेची. घरात त्या रात्री यावर बरेच हसू झाले.

कजाचे रोजे सलग धरण्याची सक्ती नाही. सुटे सुटेही धरता येतात. इस्लामी वर्ष चंद्रावर चालते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कजासाठी मात्र ऋतू आपला आपण निवडता येतो. आपल्याकडे मेच्या शेवटी रोजा साडेचौदा तासांचा होतो, डिसेंबरमध्ये तो साडेबारा तासांच्या आसपास असतो आणि तहानही कमी लागते. मौलानांनी हिवाळा सुचवला. मॅडमनीही हिवाळाच सांगितला होता. तोवर शस्त्रक्रियेला वर्ष पूर्ण होऊन वरच्या तपासण्याही झालेल्या असतील.

ज्यांना परवानगी मिळते

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला रोजा कायमचा बंद, असे नाही. मॅडमकडे येणारे एक दुकानदार आहेत. स्लीव्ह होऊन त्यांना अडीच वर्षे झाली. वजन स्थिर आहे, रक्तातले लोह आणि बी-१२ व्यवस्थित आहे. ते रोजे धरतात. पण रमजानच्या महिनाभर आधी येऊन तपासणी करून घेतात आणि वेळापत्रक लिहून नेतात.

त्यांची इफ्तार अशी: दोन-चार घोट पाणी आणि एकच खजूर, तोही चार तुकडे करून. मग मगरिबची नमाज. त्यानंतर प्रथिने आधी. अंडी, मासे, खिमा, पनीर किंवा घट्ट डाळ. भाजी नंतर. भाकरी-भात जागा उरली तर. हलीम चालते, कारण त्यात मांस आणि डाळ दोन्ही असतात आणि ते मऊ असते. पण वाटीभरच आणि वरचे तूप बाजूला करून. जेवणानंतर अर्ध्या तासाने पाण्याची बाटली हातात, तरावीहला जातानाही. रात्री प्रथिनांची पावडर घातलेले दूध. सहरी कधीच चुकवायची नाही. उशिरात उशिरा करायची. सहरी करणे सुन्नत आहे आणि अशा माणसासाठी तर ती औषधासारखीच.

टाळायच्या गोष्टी नेमक्या त्याच, ज्या या दिवसांत बाजारात समोर येतात. सरबत, फालुदा, साखर घातलेला फळांचा रस, जिलेबी. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, साखर एकदम आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत पोटात कळा, घाम, धडधड, जुलाब सुरू होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी उलटा प्रकार होतो. साखरेला उत्तर म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर खाली घसरते आणि हात थरथरू लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्याच पेल्यात सरबत घेतले तर तरावीहच्या रांगेत उभे असताना हे घडू शकते. तळलेली भजीही याच यादीत.

रोजा चालू असताना रक्त तपासायला दिल्याने किंवा बी-१२ चे इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. त्यामुळे या कारणावरून तपासणी पुढे ढकलू नये. मधुमेह असेल तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघत राहावी. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. वारंवार उलटी, पोटात तीव्र कळ, गरगरणे, लघवी अगदी कमी होणे यातले काहीही झाले तरी थांबावे.

उलट्यांकडे विशेष लक्ष हवे. काही दिवस अन्न पोटात ठरत नसेल तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपते. चालताना तोल जाणे, दोन-दोन दिसणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत आणि वेळीच उपचार झाला नाही तर मेंदूचे नुकसान कायमचे राहू शकते. अशा वेळी ‘ईद होऊ दे, मग बघू’ म्हणू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गुडघे किंवा डोके दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेणेही बायपासनंतर धोक्याचे, कारण अशा अनेक गोळ्यांनी जोडाच्या जागी जखम होऊ शकते.

उपवास सगळ्यांचेच

मॅडमच्या खोलीत हा प्रश्न फक्त रमजानमध्ये येत नाही. श्रावणात येतो, नवरात्रात येतो, आषाढीला येतो. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्या ताई येतात, निर्जळी एकादशी करणाऱ्या आजी येतात. उपवासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ. जवळजवळ सगळे पिठूळ. साबुदाण्यात प्रथिने नावापुरतीही नसतात आणि तो छोट्या पोटात फुगून बसतो. त्यांनाही मॅडम तोच कागद काढून देतात. उपवासाला चालणारे दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याची पातळ आमटी यांतून ६० ग्रॅम कसे जमवायचे, ते दाखवतात. पहिल्या वर्षी मात्र त्यांनाही ‘यंदा नको’ हेच सांगतात. तिथेही आधी डोळ्यांत पाणी येते आणि मग विचारले जाते, ‘मग देवीला काय सांगू?’

खरा त्रास मात्र आग्रहाचा. आपल्याकडे प्रेम ताटात वाढून दाखवतात. ‘माझ्या हातचे एवढे तरी घे’ हे वाक्य इफ्तारच्या दस्तरखानावर येते, तसेच हळदीकुंकवाला आणि लग्नाच्या पंगतीतही. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला एक घास जास्त गेला तर तो उलटून पडतो. वाढणाऱ्याला अपमान वाटतो, खाणाऱ्याला लाज. म्हणून अनेक जण समारंभांनाच जाणे बंद करतात. वजन उतरते आणि माणूस एकटा पडत जातो. समुपदेशनात याचीही तयारी करून घ्यावी लागते. घरातल्या कुणाला तरी सोबत बोलवावे लागते, कारण स्वयंपाकघर एकट्याच्या हातात नसते.

आपांबरोबर दुसऱ्या खेपेला त्यांच्या सासूबाई आल्या. जिना चढायला दहा मिनिटे लागली. मॅडमनी त्यांना एक वाटी दाखवली. ‘आजी, हिचं पोट एवढंच आहे. आग्रह करायचा असेल तर पाण्याचा करा.’

सासूबाईंनी ती वाटी हातात घेऊन पाहिली. घरी परतल्यावर त्यांनी फडताळातून तेवढ्याच मापाची जुनी वाटी शोधून काढली.

रमजान सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी आपांनी शाळेतल्या सहकारी शिक्षिकांना शस्त्रक्रियेविषयी सांगितले. डबा लपवण्यापेक्षा ते सोपे वाटले. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग एकीने विचारले, किती खर्च आला. दुसरीने विचारले, तिच्या बहिणीला मधुमेह आहे, तिने कुणाला भेटावे. मधल्या सुटीत आता आपा खिडकीजवळच्या टेबलावर पाठमोऱ्या बसून अंडे खातात आणि रोजेदार मैत्रिणी घड्याळ बघून त्यांना पाण्याची आठवण करतात.

भूक अशी त्यांना लागतच नाही. इतर जण भूक असून घड्याळाकडे बघत थांबतात. त्या भूक नसताना घड्याळाकडे बघून खातात. पाच वेळा नमाज, पाच वेळा बारा ग्रॅम. त्यांनी नमाजच्या वेळांनाच खाण्याच्या वेळा जोडून घेतल्या आहेत, म्हणजे विसरायला होत नाही.

संध्याकाळी अजानच्या आधी त्या सगळ्यांबरोबर दस्तरखानावर येऊन बसतात. रोजा नसला तरी दुआत हात उचलतात. सासूबाई थरथरत्या हाताने ती वाटी त्यांच्यापुढे सरकवतात आणि ‘और ले’ म्हणत नाहीत. दोन घास झाले की त्यांचे लक्ष सुनेच्या वाटीवर असते. वाटी संपली की ‘अब आधा घंटा’ असे बजावतात आणि पाण्याचा तांब्या स्वतःच्या बाजूला ओढून ठेवतात.

मॅडमनी दिलेल्या वहीत आपा रोजचे खाणे लिहितात. डाव्या पानावर प्रथिने, पाणी, गोळ्या. उजव्या पानावर रमजान सुरू झाल्यापासून एक वेगळी नोंद आहे. दर रात्री एक उभी रेघ, सुटलेल्या प्रत्येक रोजाची एक. महिना २९ चा की ३० चा ते चाँद ठरवेल. त्या पानाच्या माथ्यावर त्यांनी उर्दूत ‘कजा’ लिहिले आहे आणि खाली मराठीत, मॅडमना वाचता यावे म्हणून: नोव्हेंबर, रक्ततपासणी. डिसेंबर, पहिला रोजा.